खिळा, मोळा, मेख

(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त उदगीर परिसरातल्या एका गावाच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. बोलायला लागण्याआधी ह्या पिशवीतल्या तीन वस्तू टेबलावर काढून ठेवते. हा वीतभर लांब, चौकोनी अंगाचा, एका पडलेल्या वाड्याच्या तुळईतून निघालेला. हा दुसरा दुकानातला, अडीच इंची, गोल तारेचा. आणि हा तिसरा शिशाचा, करंगळीच्या दोन पेरांएवढा, डोक्यावर उलटा 'म' असलेला. तिन्हींना मराठीत खिळाच म्हणत आलेत. तुम्ही मला आज मराठीबद्दल बोलायला बोलावलंत. सगळ्या मराठीबद्दल बोलण्याइतका माझा आवाका नाही, म्हणून एका खिळ्याबद्दल बोलते.

माझे वडील सुतार. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. गावाचे नांगर, कुळव, तिफणी, बैलगाड्या, दारं-चौकटी सगळं त्यांच्याकडं यायचं आणि सुगीत त्याचं बलुतं मिळायचं. खिळे विकत आणावे लागत, त्यामुळं जुना खिळा कधी टाकला जात नसे. मोडक्या लाकडातले खिळे उपटून एका डब्यात पडायचे आणि शाळेतून आलं की ते सरळ करायचं काम आम्हा पोरांकडं. वाकडा खिळा दगडावर धरायचा, पोक वरच्या बाजूला ठेवायचं आणि हलक्या हातानं ठोकत राहायचं. जोरात मारला की खिळा फिरतो आणि बोट चेचतं.

सहा-सात वर्षांची असेन. नाना पेटीला पत्रा मारत होते. म्हणाले, "ती चूक दे गं इकडं." मी घाबरले. काहीतरी चुकलं असणार म्हणून उभीच राहिले. नाना म्हणाले, "अशी का बघायलीस? ही बघ, हिला चूक म्हनतेत." त्यांच्या चिमटीत एवढीशी, नखाएवढी टोकदार चूक होती. पत्र्याला, चपलेला, चौकटीच्या जाळीला मारतात ती. त्या दिवशी मला कळलं की चूक वेगळी, खिळा वेगळा आणि मोळा वेगळा. चूक बारीक कामाची. फळी फळीला जोडायची तर खिळा. तुळई, चौकट, गाडीचं साटं, जिथं माणसाचा किंवा धान्याचा भार पेलायचा तिथं मोळा. सुताराच्या तोंडी हे शब्द एकमेकांच्या जागी कधी येत नाहीत. आपण 'खिळेमोळे' असं जोडीनं म्हणतो आणि वाटतं की 'मोळे' हा नुसता यमकाला आलेला शब्द आहे, भांडीकुंडीतल्या कुंडीसारखा. तसं नाही. त्याची गोष्ट पुढं सांगते.

आधी खिळा. संस्कृतात शब्द आहे 'कील' किंवा 'कीलक'. पंचतंत्रातल्या वानराची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. देवळाचं काम चाललेलं, सुतारांनी ओंडका अर्धा चिरून फटीत पाचर ठोकलेली, सुतार जेवायला गेले, माकड फटीत बसलं आणि पाचर उपटायला लागलं. तिथला श्लोक 'कीलोत्पाटीव वानरः' असा संपतो. कील उपटणारा वानर. ह्या गोष्टीतला कील लोखंडाचा नाही, खैराच्या लाकडाचा आहे. म्हणजे कील हा मुळात धातूचा शब्द नव्हेच. खुंटी, पाचर, मेढ, जे काही ठोकून रोवायचं आणि धरून ठेवायचं ते कील. लोखंड घरोघर स्वस्त नव्हतं तेव्हा सुतार लाकडात लाकडाचीच खुंटी मारत होते. अजूनही जुन्या वाड्याच्या चौकटी बघा, कूस आणि साल, म्हणजे लाकडाचं टोक आणि त्याची खाच, एकमेकांत बसवून वरून लाकडी खुंटी मारलेली असते, लोखंडाचा कणही नसतो आणि चौकट शंभर वर्षं हललेली नसते. मराठीनं पुढं कामाची वाटणी केली. लाकडाची ती खुंटी, लोखंडाचा तो खिळा. शब्द तोच राहिला, माल बदलला.

आता प्रश्न असा की 'कील'चा 'खिळा' झाला कसा? क चा ख का झाला आणि ल चा ळ का झाला? पुष्कळांना वाटतं की अडाण्यांनी शब्द बिघडवले. मला ह्या समजुतीचा फार राग आहे, आणि आज इथं यायचं एक कारण तेच आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे जैन आचार्य होऊन गेले. त्यांनी मोठं व्याकरण लिहिलं आणि त्याचा आठवा अध्याय प्राकृताला दिला. त्यात एक सूत्र आहे: 'कुब्जकर्परकीले कः खोऽपुष्पे.' अर्थ सरळ आहे. कुब्ज, कर्पर आणि कील ह्या तीन शब्दांत क चा ख होतो. फक्त कुब्ज हे फुलाचं नाव असेल तेव्हा होत नाही. कुब्जचं होतं खुज्ज, कर्परचं होतं खप्पर, कीलकचं होतं खीलअ.

हे तीन शब्द आता मराठीत म्हणून बघा. खुज्ज म्हणजे आपला खुजा. खप्पर म्हणजे आपलं खापर. खीलअ म्हणजे आपला खिळा. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीच्या एका सूत्रातली तिन्ही उदाहरणं ह्या गावात आज सकाळपासून कुणी ना कुणी बोललं असेल. बाई पोराला म्हणाली असेल, माझ्यावर खापर फोडू नको. मी हे सूत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजात होते, आणि नानांच्या डब्याची आठवण येऊन मला पुढचं वाचवेना. जो उच्चार वर्गात आमच्या तोंडी अशुद्ध ठरायचा त्याच जातीचा उच्चार एका महापंडितानं नियम म्हणून टिपून ठेवला होता, त्याचा अपवादसुद्धा नोंदवून.

हेमचंद्रांनी ज्या प्राकृताला मुख्य मानलं ती माहाराष्ट्री. तिचं माहेर कुठलं म्हणाल, तर गोदावरीकाठचं पैठण, सातवाहनांची प्रतिष्ठान नगरी. आपल्या मराठवाड्यातलीच. तिथले लोहार-सुतार काय म्हणत असतील हे मला कानानं ऐकू येणार नाही, पण त्या बोलीच्या व्याकरणात 'खील' आहे आणि माझ्या वडिलांच्या तोंडात 'खिळा' होता. मधली वाट लांब असली तरी तुटलेली नाही.

ल चा ळ होण्याचा नियम त्याहून सोपा आहे आणि घरी बसून तपासता येतो. दोन स्वरांच्या मधला एकटा ल मराठीत ळ होतो. फलचं फळ, कालचा काळ, कमलचं कमळ, नीलचा निळा, कीलचा खिळा. पण प्राकृतात तो ल दुहेरी असेल, ल्ल असेल, तर ल राहतो. बिल्वचं बेल्ल होऊन बेल, तैलचं तेल्ल होऊन तेल. सगळ्यात सुंदर जोडी आपल्या शरीरावरच आहे: गल म्हणजे गळा आणि गल्ल म्हणजे गाल. एक ल होता तिथं ळ आला, दोन होते तिथं ल टिकला. हा नियम कुणी बसून केला नाही. शेतात, चुलीपुढं, भात्याजवळ बोलणाऱ्या माणसांनी तो पिढ्यान् पिढ्या पाळला, आणि इतक्या नेमानं पाळला की आज आपण तो उलटा लावून मूळ शब्द शोधू शकतो.

ह्याच नियमानं 'किल्ली' कळते. किल्लीसुद्धा कील-कीलिकेच्याच घराण्यातली. तिच्यात ल दुहेरी झाला म्हणून ळ आला नाही, आणि तिच्या क चाही ख झाला नाही. म्हणजे खिळा आणि किल्ली सख्खी भावंडं. एक घट्ट बसवतो, दुसरी मोकळं करते. हे कसं जमलं? जुनी दारं आठवा. कडी ओढून कोयंड्यावर घालायची आणि कोयंड्याच्या भोकात एक लहानशी खीळ अडकवायची. खीळ घातली की दार बंद, काढली की उघडं. बंद करणारी वस्तू आणि उघडणारी वस्तू एकच. माझ्या मते कुलपाची किल्ली तिथूनच आली, आधी नुसती खीळ होती, मग तिला दात आले. पण सावध राहा हं: किल्ला आणि किल्ली ही मात्र भावंडं नाहीत. किल्ला अरबी 'कलआ'पासून आला. दिसायला सारखे, रक्त वेगळं. ऋग्वेदात रथाच्या आसाच्या खिळीला 'आणि' म्हटलंय आणि आपला 'आणि'ही दोन शब्द जोडतो, म्हणून त्यांचं नातं जुळवावंसं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण आपला 'आणि' हा 'अन्य'कडून आलेला. शब्दांच्या बाबतीत गोड वाटणारी सोयरीक आधी तपासून घ्यावी.

कील शब्द देवघरातही आहे. रामरक्षा म्हणताना सुरुवातीला आपण म्हणतो: बुधकौशिक ऋषी, अनुष्टुप छंद, सीता शक्ती, श्रीमद्हनुमान कीलक. किती जणांनी थांबून विचार केलाय की हनुमान कीलक म्हणजे काय? मंत्र जागच्या जागी पक्का धरून ठेवणारी खीळ म्हणजे कीलक. नवरात्रात तुळजापूरला, माहूरला, अंबाजोगाईला आणि आपल्या घरोघर सप्तशतीचा पाठ होतो. त्याच्या आधी कवच, अर्गला आणि कीलक म्हणतात. अर्गला म्हणजे दाराचा अडसर. कीलक म्हणजे खीळ. सुताराची मुलगी म्हणून मला त्यात अख्खं दार दिसतं. देवीपर्यंत पोचायचं तर अडसर आणि खीळ काढता आली पाहिजे, हे सांगायला त्या रचनाकाराला माझ्या वडिलांच्या धंद्यातलेच शब्द लागले.

ह्याउलट रोजच्या बोलण्यात खीळ आली की काहीतरी अडलेलं असतं. कामाला खीळ बसली. माणूस अंथरुणाला खिळला. तो जागच्या जागी खिळून राहिला. एकच गोष्ट बरी, नजर खिळली. आणि एक शब्द असा की जो मी हसत म्हणू शकत नाही: दातखीळ.

आपण सहज म्हणतो, साहेब पुढं आले आणि त्याची दातखीळ बसली. म्हणजे बोलती बंद झाली. मूळ दातखीळ खरी असते. माझा एक चुलतभाऊ होता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. खळ्यात अनवाणी खेळताना त्याच्या टाचेत खिळा गेला. गाडीतून गळून शेणामातीत पडलेला. खिळा उपटला, हळद भरली, चिंधी बांधली, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खेळायला. आठ-दहा दिवसांनी भाकरी खाताना म्हणाला, तोंड उघडत नाही. काकूला वाटलं दाढ दुखत असेल. संध्याकाळपर्यंत जबडा आवळला, रात्री पाठ धनुष्यासारखी वाकायला लागली. बैलगाडीनं तालुक्याला नेलं. तो परत आला नाही.

धनुर्वात हा गंजानं होत नाही, हे मी नंतर वाचलं. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात. खिळ्याची जखम तोंडाला बारीक आणि आत खोल असते, तिथं हवा पोचत नाही आणि बिनहवेच्या जागेत ते जंतू वाढतात. त्यांचं विष स्नायूंना आवळतं आणि बहुधा पहिला जबडाच धरतो. लस घेतलेली असेल तर हे टळतं. इथं पोरंबाळं बसलीत म्हणून सांगते: पायात खिळा गेला तर हळदीवर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. तेव्हापासून नाना वाटेत दिसेल तो खिळा उचलायचे. धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे आणि डब्यात टाकायचे. लोकांना वाटायचं सुतार कंजूष आहे. ते का उचलतात हे आम्हाला घरात माहीत होतं. भाषेनं टाचेतला खिळा आणि जबड्याची खीळ एकाच शब्दानं बांधून ठेवलेत. कदाचित कुणी ठरवून बांधलं नसेल. मला मात्र तो शब्द ऐकला की दोन्ही एकदम दिसतात.

आता मोळ्याकडं येते. तुम्ही बहुतेक जण उदगीर, देवणी, निलंग्याकडचे. तुमचे कानडी पाहुणे असतीलच. कानडीत खिळ्याला काय म्हणतात? मोळे. बीदरच्या, बसवकल्याणच्या, औरादच्या बाजारात जाऊन मागून बघा. आणि कानडीत मोळे म्हणजे नुसता खिळा नाही, बियाचा कोंबही. मोळे फुटणं म्हणजे अंकुरणं. दाणा जमीन फोडून टोक वर काढतो, खिळा लाकूड फोडून टोक आत घालतो. दोघांना एकच नाव देणारा माणूस शेतकरीही होता आणि कारागीरही, असं मला वाटतं.

आपला मोळा आणि कानडी मोळे यांचं नातं मला तरी उघड दिसतं, आणि ते इथं दिसावं यात नवल नाही. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. पुढं ते उस्मानाबादेत आले, आणि लातूर जिल्हा तर १९८२ चा. नकाशावरची रेघ आपल्या आजोबांच्या हयातीत आखली गेली, बाजार, सोयरीक आणि बोली तिच्या फार आधीच्या. सुतारकीची हत्यारं, मापं, लाकडाची नावं ह्या रेघेच्या दोन्ही बाजूंना फिरत राहिली. कानडी माणसाकडून आपण जड कामाचा खिळा घेतला आणि आपला खिळा हलक्या कामाला ठेवला. दोन्ही शब्द जगले, कारण दोघांना वेगवेगळं काम मिळालं. भाषेत शब्द टिकतो तो असा.

हा मोळा हातात घेऊन बघा. चारही बाजूंनी निमुळता होत गेलाय. लोहारानं सळई भट्टीत लाल करायची, ऐरणीवर चारी अंगांनी ठोकून टोक काढायचं, हव्या लांबीवर तोडायची, भोक असलेल्या लोखंडी पट्टीत उभी धरायची आणि वर राहिलेला तुकडा घणानं चेपून डोकं करायचं. डोक्यावर हातोड्याचे चार-पाच घाव अजून मोजता येतात. असा एकेक. तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकात यंत्रातून यायला लागला आणि तो इतका स्वस्त पडला की हाताचा मोळा बघता बघता बंद झाला. पण पकड विचाराल तर जुन्याची वेगळीच. चौकोनी, निमुळतं अंग पाचरीसारखं काम करतं, लाकडाचे तंतू कापून खाली दाबत जातं आणि दाबलेले तंतू त्याला धरून बसतात. गोल तारेचा अणकुचीदार खिळा तंतू बाजूला सारतो, म्हणून फळीच्या कडेला मारला की फळी चिरते. त्याला सुताराचा उपाय आहे: मारण्याआधी खिळ्याचं टोक हातोडीनं थोडं बोथट करायचं. मग तो तंतू फाकवत नाही, तोडत जातो. नाना हे न बोलता करायचे. मी नीट पाहिलं नसतं तर मला वाटलं असतं, चांगलं टोक उगाच बिघडवतायत.

तिसरा शब्द मेख. फारसीत मेख म्हणजे खिळा किंवा खुंट. आपल्याकडं हा शब्द घोड्यांच्या आणि तंबूंच्या मागून आला. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकानं राजधानी दौलताबादेला हलवली, त्यानंतर बहमनी आले, निजामशाही आली, मुघल आले, हैदराबादच्या निजामांची आसफजाही आली. छावणी म्हटली की तंबूच्या मेखा आणि घोडे बांधायच्या मेखा. दौलताबादच्या दरवाज्यांवर हत्तीनं धडक देऊ नये म्हणून बसवलेले अणकुचीदार लोखंडी खिळे तुम्ही सहलीला गेला असाल तर पाहिले असतील. त्यांच्यापुढं उभं राहिलं की 'मेख मारणं' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. देगलूर-धर्माबादच्या पलीकडं तेलुगू मुलखात खिळ्याला आजही मेकू म्हणतात. तोही हाच फारसी पाहुणा.

लोखंडाची देवघेव उलट्या दिशेनंही चालत होती. नांदेडच्या शेजारी, निर्मळ आणि कोनासमुद्रमच्या भागात मुशीत पोलाद बनायचं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते न्यायला इराणहून आलेल्या व्यापाऱ्याची नोंद एका इंग्रज निरीक्षकानं केलेली आहे. आपण तिकडून मेख शब्द घेतला आणि तिकडं पोलाद दिलं.

मराठीनं मात्र मेखेचं फार वेगळं केलं. दुकानात जाऊन कुणी मेख मागत नाही. पण कोर्टात, सोसायटीच्या बैठकीत, भावकीच्या वाटणीत कुणीतरी म्हणतंच, "खरी मेख इथं आहे." म्हणजे सगळं प्रकरण ज्या एका ठिकाणी अडकवून ठेवलंय ती जागा. ती उपटली की तंबू खाली येतो. हीच गत 'पेच'ची. फारसीत पेच म्हणजे पीळ, वळसा. म्हणून आटे असलेला स्क्रू म्हणजे पेच आणि तो फिरवणारा पेचकस. आपण पेचकस हत्यारांच्या पेटीत ठेवला आणि पेच संकटाला दिला. पेचात सापडलो, पेचप्रसंग आला. खीळ बसते, मेख असते, पेच पडतो. जोडकामाचे तीन शब्द तीन दिशांनी अडचणीपाशी येऊन थांबले. ज्या माणसांनी आयुष्यभर गंजलेले खिळे उपटले आणि आटे झिजलेले पेच फिरवले, त्यांना अडचणीला दुसरं नाव शोधावं लागलं नाही.

निजामाच्या राज्यात कारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत होतं. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं तेच उर्दू माध्यमाचं. त्या काळात मराठी शाळांसाठी आपल्या लोकांना झगडावं लागलं, हे आपण विसरू नये. पण म्हणून मेख, पेच, नाल हे शब्द परके म्हणून झाडून टाकावेत असं मला वाटत नाही. नाल अरबी, पण बैलाच्या खुरात बसली की आपली. आमच्या बीडकडच्या नातेवाइकांत ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत. दसरा झाला की बैलांना पत्र्या मारून घेतात, कारण पुढं कित्येक महिने डांबरी रस्ता. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. नालबंद बैल पाडतो, खूर तासतो आणि बारीक खिळे खुराच्या मेलेल्या भागातून तिरपे बाहेर काढून टोक वाकवून मोडतो. खिळा एक गव्हाभर आत सरकला तर बैल लंगडा, आणि बैल लंगडा झाला की कुटुंबाचा हंगाम गेला. तो नालबंद बहुतेक गावांत मुसलमान असतो, बैल मराठ्याचा किंवा वंजाऱ्याचा, खिळा प्राकृताचा, नाल अरबी. कुठला शब्द वेगळा काढायचा?

आता हा शिशाचा तिसरा खिळा. तरुण मुलांना हा माहीत नसेल. छापखान्यात पूर्वी एकेक अक्षर असं धातूचं ओतलेलं असायचं. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचं मिश्रण. खाली दांडा, वर उलटं अक्षर. त्याला मराठीत खिळा म्हणत, आणि खिळे जुळवणाऱ्याला जुळारी. मुंबईत जावजी दादाजींनी आधी असे खिळे पाडायला सुरुवात केली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या देवनागरी खिळ्यांची वळणं इतकी देखणी होती की त्यांतून छापलेल्या पोथ्या अजून घरोघर जपून ठेवलेल्या सापडतात. इंग्रजीतून 'टाइप' हा शब्द आला होताच. पण छापखान्यातल्या कामकऱ्यानं हातात वस्तू घेतली, दांडा आणि डोकं बघितलं आणि तिला आपलं नाव दिलं. बाराखडी, जोडाक्षरं, काने-मात्रे, सगळे खिळे.

मला ह्यात एक फार जुना योग दिसतो. इराणात, इराकात हजारो वर्षांपूर्वी ओल्या मातीच्या विटांवर बोरूच्या टोकानं खुणा दाबून लिहीत. त्या खुणा खिळ्यासारख्या दिसतात म्हणून फारसीत त्या लिपीला 'खत्त-ए-मेखी' म्हणतात, खिळ्यांची लिपी, आणि आपणही कीलाकार लिपी म्हणतो. तिकडं अक्षराला खिळा म्हटलं ते आकारावरून. इकडं मराठी जुळाऱ्यानं म्हटलं ते हातातल्या वस्तूवरून. दोघांची गाठ कधी पडली नाही.

नाना गेले त्यानंतर डबा मी आणला. त्यात सगळ्यात खाली असे अकरा मोळे निघाले, तेल लावून फडक्यात बांधलेले. ते त्यांनी कुठल्याच कामात वापरले नव्हते. सरळही मी केलेले नव्हते, ते कधी वाकलेच नव्हते. हा त्यातलाच एक.

तो मी आता पहिल्या रांगेत देते, मागं मागं सरकवत न्या. बाकीचे दोनही द्या. मागच्या टेबलावर कोरा कागद ठेवलाय. तुमच्या गावात गाडीच्या चाकाच्या खिळीला, नांगराच्या फाळाच्या कडीला, जात्याच्या मधल्या खुंटाला काय म्हणतात, तसाच तुमच्या तोंडातला शब्द, गावाच्या नावासकट, जाता जाता लिहून जा. शुद्ध करून लिहू नका. आणि मोळा सांभाळून धरा, टोक अजून लागतं.